पाचवी पुजायच्या आधी बाळ उजेडात बघा

(महासंघाच्या मासिक सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. ज्या मैत्रिणींना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांनी वाचावा आणि गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा, ही विनंती.)



विषयपत्रिकेवर माझं नाव बघून काही जणींच्या पोटात गोळा आला असेल. ही आता थकबाकी काढणार, रोजमेळ मागणार! आज तसं काही नाही. आज मी तुमच्याशी नव्या जन्मलेल्या लेकराच्या काविळीबद्दल बोलणार आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. पण आपण बहुतेक वेळा हिमोग्लोबिन आणि परसबाग यावर थांबतो. पहिल्या आठवड्यातल्या बाळापर्यंत आपण पोचत नाही, कारण ते बाळ कुणाला दाखवतच नाहीत.

सुरुवात माझ्या घरातून करते.

माझ्या मामाला मुलगा झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. बाळंतपण घरीच झालं. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. कुणी म्हणालं, सोन्यासारखा रंग आलाय, पुढं गोरा होईल. कुणी म्हणालं, मामीनं हळदीचं खाल्लं असेल. पाचव्या दिवशी पाचवी पुजली, घरभर पाहुणे. त्याच दिवशी शेजारच्या गावातून काविळीची माळ आणली आणि बाळाच्या गळ्यात घातली. माळ लांब होत गेली की कावीळ उतरते, असं सांगितलेलं. मी स्वतः बघितली ती माळ. ती लांब होत होती, आणि बाळ दूध सोडत चाललं होतं.

सहाव्या दिवशी ते किंचाळल्यासारखं रडायला लागलं, पाठ धनुष्यासारखी मागं वाकवायला लागलं. तेव्हा कुठं जीप केली. दवाखान्यात त्याचं रक्त बदललं. जीव वाचला. आज तो अठरा वर्षांचा आहे. त्याला ऐकू येत नाही. मान आणि हात त्याच्या मनाविरुद्ध हलत राहतात, घास स्वतःच्या हाताने तोंडापर्यंत नेता येत नाही. पण समजतं सगळं. माझी गाडी वळणावर दिसली की दारात बसल्या जागी हसतो.

मी समाजकार्याची पदवी घेऊन आले, तेव्हा मामीने मला एकच विचारलं. म्हणाली, "तू शिकलीस ना? मग सांग, तेव्हा मी काय करायला पाहिजे होतं?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. आज जे सांगणार आहे, ते त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

बाळ पिवळं का होतं?

पहिली गोष्ट, घाबरायचं नाही. पूर्ण दिवसांच्या दहा बाळांपैकी साधारण सहा बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी तरी कावीळ होते. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या दहांपैकी आठ बाळांना होते. म्हणजे इथे बसलेल्या आपल्यापैकी निम्म्याहून जास्त जणी कधी ना कधी पिवळ्या झाल्या असतील आणि आपोआप बऱ्या झाल्या असतील.

ही मोठ्या माणसांची कावीळ नव्हे. दूषित पाण्यातून होणारी नव्हे, एकाची दुसऱ्याला लागणारी नव्हे. आईने हळद खाल्ली म्हणून होत नाही, पिवळं लुगडं नेसलं म्हणून होत नाही, कुणाची नजर लागली म्हणूनही होत नाही. तेव्हा बाळंतिणीच्या ताटातलं वरण काढून घेऊ नका. तिला बोल लावू नका.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या झाल्या की मोडतात. त्या मोडल्या की एक पिवळा पदार्थ तयार होतो, त्याला डॉक्टर बिलिरुबिन म्हणतात. बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त असतात आणि त्या लवकर मोडतात. पोटात असताना हा पिवळा कचरा वारेतून आईकडे जायचा आणि आईचं लिव्हर तो साफ करायचं. नाळ कापली की ते काम बाळाच्या स्वतःच्या लिव्हरवर येतं. आणि ते लिव्हर अजून नवशिकं असतं. आपल्या गटात नवीन सचिव आली की पहिले दोन महिने रोजमेळ मागे पडतो ना? तसंच. काही दिवसांत हात बसतो आणि बाकी राहिलेलं काम उरकतं.

म्हणून साधी कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढते आणि आठ-पंधरा दिवसांत जाते.

काही बाळांमध्ये मात्र कचरा फारच जास्त साठतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, बाळ कमी दिवसांचं असेल, जंतुसंसर्ग असेल, बाळाला पुरेसं दूध मिळत नसेल, बाळंतपणात डोक्याला मोठी सूज आली असेल, तर धोका वाढतो. काही बाळांच्या तांबड्या पेशींमध्ये जन्मतः एक कमतरता असते. अशा बाळाला डांबराच्या गोळ्यांचा वाससुद्धा बाधतो आणि पेशी भराभर मोडतात. आपण काय करतो? मोठ्या लेकराची झबली, दुपटी ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून ठेवतो आणि धाकट्याला तशीच घालतो. आपल्या बाळात ती कमतरता आहे का, हे बघून कळत नाही. म्हणून बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नकोच.

बिलिरुबिन फार वाढलं की ते रक्तातून मेंदूत शिरतं. तिथे झालेलं नुकसान पुन्हा भरून येत नाही. माझ्या मामेभावाचं तेच झालं. आणि हे सगळं टाळता येण्यासारखं होतं. कशाने? उजेडाने.

हळदीचा डाग आणि निळा उजेड

तुम्ही सगळ्या जणी धुणं धुता. साडीवर हळदीचा डाग पडला तर काय करता? साबण लावता आणि कडक उन्हात वाळत घालता. डाग फिका होतो. उजेड रंग मोडतो, हे तुम्हाला शाळेत न जाताही माहीत आहे.

बाळाच्या काविळीवर उजेड चालतो, हे पहिल्यांदा एका नर्सबाईच्या लक्षात आलं. ही गोष्ट १९५६ सालची, इंग्लंडमधल्या एसेक्स भागातल्या रॉचफोर्ड इथल्या दवाखान्यातली. जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर तिथे कमी दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळायच्या. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा बरी, म्हणून त्या उन्हाच्या दिवसांत बाळांना बाहेर अंगणात न्यायच्या. एके दिवशी डॉक्टरांच्या फेरीत त्यांनी एक बाळ उघडून दाखवलं. अंग फिकं झालं होतं, पण एक तिकोनी तुकडा मात्र गडद पिवळाच होता. तिथे चादरीचं टोक आलं होतं. जिथे ऊन पोचलं तिथली कावीळ कमी झाली होती, जिथे नाही तिथे तशीच होती.

त्याच दवाखान्यात रक्ताची एक नळी उन्हात राहून गेली. तपासली तर बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. मग तिथल्या डॉ. रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सोबत्यांनी नीट अभ्यास केला, दिव्यांचं यंत्र बनवलं आणि १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ते छापलं. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत डॉ. जेरोल्ड ल्यूसी यांनी बाळांचे दोन गट करून पारखून दाखवलं की हा उपाय खरंच लागू पडतो. आज जगभर तो वापरतात. त्याला फोटोथेरपी म्हणतात. आपल्याकडे बाया म्हणतात, "लेकराला काचेत ठेवलंय, लाईटखाली ठेवलंय."

हा दिवा करतो काय? तेलकट भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतो. बिलिरुबिन तसंच तेलकट असतं. लिव्हर म्हणजे त्याचा साबण. लिव्हरने काम केलं तरच ते पाण्यात विरघळून शरीराबाहेर जातं. निळा उजेड कातडीतून आत शिरतो आणि बिलिरुबिनचा आकारच बदलतो. मग ते साबणाशिवाय, म्हणजे लिव्हरची वाट न बघता, शी-शूवाटे बाहेर पडतं. तोवर लिव्हर तयार होतं. इतकं साधं आहे. शॉक नाही, एक्स-रे नाही, चटका नाही. बहुतेक बाळांना एक ते तीन दिवस पुरतात.

मग घरीच उन्हात धरलं तर?

हा प्रश्न येणारच. खरं सांगते, या कामाला लागले तेव्हा मीसुद्धा सांगायचे, "कोवळ्या उन्हात दहा मिनिटं धरा." ते माझं चुकलं होतं.

उन्हात निळा उजेड असतो, हे खरं. पण दवाखान्यातला दिवा ठरावीक ताकदीचा, ठरावीक अंतरावर असतो आणि बाळ त्याखाली तासन् तास असतं. दहा मिनिटांच्या कोवळ्या उन्हाने तेवढं काम होत नाही. आणि तासन् तास उघड्या बाळाला उन्हात ठेवलं तर कातडी भाजते, अंग तापतं, पाणी कमी होतं. थंडीत तेच बाळ गारठतं. सगळ्यात वाईट म्हणजे आपली समजूत होते की उपचार चालू आहे. त्या समजुतीत एक दिवस जातो, दोन दिवस जातात. माळ घालण्यात, चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवण्यात, बाळाच्या नाकात पाला पिळण्यात, अंगाला डाग देण्यात हेच होतं. नाकात पाला पिळणं आणि डाग देणं हे तर बाळाच्या जिवावर बेतणारं आहे.

माळ मात्र खोटी का म्हणून भांडत बसू नका. एखाद्या आजीला माळ घालायचीच असेल तर माळ हाताला बांधून गाडीत बसवा. पण गाडी सुटली पाहिजे.

घरातल्या ट्यूबलाईटनेही हे काम होत नाही. निळा कागद लावलेल्या बल्बने तर नाहीच. तो नुसता तापतो.

बाळ कसं बघायचं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. सरकारी दवाखान्यात साध्या बाळंतपणानंतर साधारण दोन दिवसांनी घरी सोडतात. कावीळ वाढते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. म्हणजे वाढायच्या वेळी बाळ डॉक्टरांसमोर नसतं, आपल्या घरात असतं. आणि घरात कुठे असतं? आतल्या खोलीत. खिडकीला फडकं, खाटेखाली शेगडी, धूर, चाळीसचा पिवळा बल्ब. त्या उजेडात सगळीच लेकरं पिवळी दिसतात आणि कुठलंच पिवळं दिसत नाही.

म्हणून रोज सकाळी, पहिले सात दिवस, बाळाला दाराशी किंवा खिडकीशी न्या. वारा लागू देऊ नका, पण दिवसाचा उजेड पडू द्या. बोटाने कपाळावर, नाकावर हलकं दाबा आणि बोट उचला. दाबलेल्या जागी क्षणभर जो रंग दिसतो तो बघा. मग छातीवर दाबून बघा, पोटावर, मांडीवर, शेवटी तळहात आणि तळपायावर. बाळ सावळं असेल तर डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघा.

कावीळ वरून खाली उतरत जाते. आधी चेहरा, मग छाती, पोट, मग पाय. जितकी खाली, तितकी जास्त.

हे पाच वेळी थांबायचं नाही. सरळ दवाखाना:

१. जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांत बाळ पिवळं दिसलं, तर. ही साधी कावीळ नसते.

२. पिवळेपणा पोटाच्या खाली उतरला, तर. तळहात-तळपाय पिवळे झाले तर रात्र असली तरी निघायचं.

३. बाळ दूध ओढेना, सारखं झोपून राहतंय, अंग ढिलं पडलंय, किंवा किंचाळून रडतंय, पाठ ताणतंय, झटके येतायत, ताप आहे किंवा अंग गार पडलंय, तर.

४. शी पांढरी, चुन्यासारखी होतेय आणि लघवी गडद पिवळी होतेय, तर. यात पित्ताची नळी बंद असू शकते. तिचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर चांगलं, म्हणून एक दिवसही घालवायचा नाही. ही कावीळ लाईटने जात नाही.

५. पंधरा दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला, तर. बाळ हसतंखेळतं असलं तरी तपासायचं.

डोळ्यांनी बघितलेलं नेहमी बरोबर असतंच असं नाही. किती कावीळ आहे, हे रक्त तपासूनच पक्कं कळतं. आपलं काम आकडा सांगण्याचं नाही, वेळेवर नेण्याचं आहे.

लाईटखाली ठेवल्यावर

यंदा पावसाळ्यात आपल्याच एका गटातल्या ताईच्या सुनेची ही गोष्ट. त्यांना विचारून सांगते. चौथ्या दिवशी आशाताईंना बाळ मांडीपर्यंत पिवळं दिसलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, लगेच लाईटखाली ठेवलं. काचेतून सासूबाईंनी बघितलं आणि बाहेर येऊन रडायलाच लागल्या. "लेकराचे डोळे बांधले. उघडं-नागडं निजवलंय. एवढ्या थंडीत अंगावर फडकं नाही. चला, घरी नेऊ."

मी तिथे होते. मी म्हणाले, "काकू, हळदीचा डाग घडी घालून वाळवला तर निघेल का?"

त्या थांबल्या. म्हणाल्या, "नाही निघायचा. उलगडून टाकावा लागतो."

"म्हणून उघडं ठेवलंय. जिथं फडकं, तिथं उजेड नाही."

काकू खाली बसल्या आणि मग त्यांनीच सुनेला डब्यातलं जेवू घातलं.

तर हे लक्षात ठेवा. डोळ्यांवर पट्टी बांधतात ती प्रखर उजेडापासून डोळे सांभाळायला. लंगोट सोडून बाकी अंग उघडं ठेवतात. वरून दुपटं टाकू नका. तेल, पावडर, काजळ लावू नका. सिस्टर मधूनमधून ताप बघतात, कूस बदलतात. बाळाला पातळ, हिरवट शी होईल, अंगावर बारीक पुरळ येईल. कचरा बाहेर पडतोय, असं समजा. सिस्टरला सांगा, पण घाबरून बाळ उचलू नका.

आईचं दूध हा या उपचाराचाच भाग आहे. दर दोन-तीन तासांनी, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं. पाजायला बाळ थोडा वेळ बाहेर काढतात, डोळ्यांची पट्टीही सोडतात. बाळ झोपाळू असेल तर तळपाय चोळून जागं करा. ओढता येत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने द्या. साखरपाणी, ग्लुकोजचं पाणी, मध, गुटी यातलं काही नको. त्याने पोट भरतं आणि बाळ दूध कमी पितं. कावीळ शीवाटे बाहेर पडते, आणि शी होते दुधाने. म्हणून पहिला चीक फेकायचा नाही. काळी शी लवकर बाहेर काढायला तोच मदत करतो.

लाईट बंद केल्यावरही डॉक्टर पुन्हा रक्त घेतात. तेव्हा "किती वेळा टोचता?" म्हणून भांडण नको. उजेडाने कातडी फिकी दिसते, पण आत किती आहे ते रक्तच सांगतं. कधी कधी पुन्हा थोडी वाढते. "घरी चला, बरं झालं" असं आपण ठरवायचं नाही. फारच वाढलेली असेल तर रक्त बदलावं लागतं, पण वेळेवर नेलं तर ती पाळी क्वचितच येते.

ते बाळ तिसऱ्या दिवशी घरी आलं. पाचवी राहिली होती, ती नंतर पुजली. सटवाई काही रागावली नाही.

गटाने काय करायचं?

आता पैशाचं बोलू, कारण बऱ्याच वेळा अडतं तिथेच. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे. आजारी बाळाचे उपचार, तपासण्या, औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. आधी हे जन्मापासून ३० दिवसांपर्यंत होतं, आता एक वर्षापर्यंत आहे. दवाखान्यात न्यायला आणि परत आणायला गाडीही मोफत आहे. १०२ किंवा १०८ ला फोन करायचा. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा खास विभाग असतो, त्याला एसएनसीयू म्हणतात. निळे दिवे तिथे असतात. आपल्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आहेत का, हे आजच विचारून ठेवा. रात्री दोन वाजता विचारत बसू नका.

उपचार मोफत असले तरी घरच्या माणसाचं जेवण, रोजगार बुडणं, घरी असलेली मोठी लेकरं, गोठ्यातली जनावरं, हे सगळं असतंच. सोयाबीन काढणीला आलं की सासरा म्हणतो, उद्या जाऊ. तो उद्याच बाळाला महाग पडतो. तिथे गट पाहिजे.

म्हणून मी आज चार गोष्टी मागते. प्रत्येक ग्रामसंघाने पुढच्या बैठकीत ठराव घ्यावा.

पहिली, गरोदर ताईंची यादी. गावात पुढच्या दोन महिन्यांत कोण बाळंत होणार आहे, ते रजिस्टरला लिहा. तिचा रक्तगट त्यापुढे लिहा. निगेटिव्ह असेल तर लाल शाईने लिहा. निगेटिव्ह आईचं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर तिला ७२ तासांच्या आत इंजेक्शन द्यावं लागतं. ते पुढच्या बाळाला वाचवतं. माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकी यादीतून सुटतात, त्या आधी लिहा.

दुसरी, भेट. आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवशीही येतात. हे आपल्याच महाराष्ट्रातून, गडचिरोलीतून सुरू झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी करून दाखवले. तो अभ्यास १९९९ मध्ये छापून आला, त्याच 'लॅन्सेट'मध्ये. पुढे ही पद्धत देशभर गेली. तर आशाताई आल्या की बाळ झाकून ठेवू नका, "निजलंय, उद्या या" म्हणू नका. आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी गटातल्या एका ताईने जाऊन बाळ उजेडात बघायचं. पाचवीला आपण जातोच. जाताना हळदकुंकू घेऊन जा, आणि दाराचा पडदा जरा बाजूला करा.

तिसरी, पैसा. नवजात बाळ आजारी असेल तर बैठकीची वाट बघायची नाही. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष या तिघींनी फोनवर ठरवून तातडीचं अंतर्गत कर्ज द्यावं आणि पुढच्या बैठकीत कायम करून घ्यावं. घर फारच गरीब असेल तर ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी आहे. तो अशाच वेळेसाठी आहे, बँकेत झोपवून ठेवायला नाही.

चौथी, सोबत. बाळंतिणीबरोबर जाणारं माणूस कोण, घरची लेकरं कोण बघणार, दूध कोण काढणार, हे आधी ठरवा. सुनेला एकटीला ठरवता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सासूला समजावायला दुसरी सासूच लागते. म्हणून आज मी आज्ज्यांना आणि मावश्यांना पुढच्या सतरंजीवर बसवलंय. गावात शब्द तुमचा चालतो. माझ्यासारख्या पंचवीस वर्षांच्या, बाळ न झालेल्या पोरीचं कोण ऐकतं? तुमचं ऐकतील.

मामीच्या प्रश्नाला माझ्याकडे आता उत्तर आहे. तिसऱ्या दिवशी बाळ दारात आणून बघायला पाहिजे होतं आणि चौथ्या दिवशी गाडीत बसायला पाहिजे होतं. पण मागच्या महिन्यात मी हे तिला सांगितलं तेव्हा पुढचंही सांगितलं. म्हणाले, "मामी, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा गावात आशा नव्हती, गट नव्हता, हातात पैसा नव्हता. चूक तुझी एकटीची नव्हती." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग लेकाला घास भरवता भरवता म्हणाली, "आता तरी बाकीच्यांना सांग."

म्हणून सांगितलं. आता तुम्ही सांगा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.